शोध लागला, पण कळला कोणाला?



स्प्रिंगला वजन टांगायचे, तिची लांबी किती वाढली ते पट्टीने मोजायचे, वजन दुप्पट केले की वाढही दुप्पट होते हे पाहायचे. हूकचा हा नियम तुमच्यापैकी अनेकांनी प्रयोगशाळेत पडताळून पाहिला असेल. पण हा नियम जगाला प्रथम कसा सांगितला गेला, हे पाठ्यपुस्तकात सहसा नसते. रॉबर्ट हूकने १६७६ साली आपल्या एका पुस्तकाच्या शेवटी चौदा रोमन अक्षरे वर्णानुक्रमाने ओळीने छापली. त्यांतून काहीही अर्थ निघत नव्हता, आणि निघू नये अशीच हूकची इच्छा होती. दोन वर्षांनी, १६७८ साली, त्याने स्वतःच कोडे सोडवले. ती अक्षरे नीट जुळवली की एक लॅटिन वाक्य तयार होते. त्याचा अर्थ, ‘जितका ताण, तितके बल’.

असा लपंडाव कशासाठी? कारण सरळ आहे. शोध उघड सांगितला तर दुसरा कोणी तो आपलाच म्हणून मिरवील. मुळीच सांगितला नाही तर उद्या दुसऱ्याने तोच शोध लावल्यावर ‘मी आधी’ असे म्हणायला पुरावा राहणार नाही. म्हणून सांगायचे, पण कोणाला कळू द्यायचे नाही! गॅलिलिओनेही हेच केले होते. १६१० साली दुर्बिणीतून शनी पाहताना त्याला जे दिसले, ते त्याने अक्षरांची सरमिसळ करून कळवले. केप्लरने ते कोडे सोडवायचा चंग बांधला आणि त्यातून अर्थ काढला, की मंगळाला दोन उपग्रह आहेत. मंगळाला खरोखरच दोन उपग्रह आहेत, ते १८७७ साली सापडले. पण गॅलिलिओ बिचारा शनीविषयी बोलत होता!

या लपवाछपवीवर एक उपाय निघाला, तो म्हणजे विज्ञानाचे नियतकालिक. लंडनच्या रॉयल सोसायटीचे चिटणीस हेन्री ओल्डेनबर्ग यांनी मार्च १६६५ मध्ये ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’ सुरू केले. (हूक याच सोसायटीत काम करीत होता, तरी त्याने अकरा वर्षांनंतर कोडे छापलेच. जुनी खोड लवकर जात नाही.) नियतकालिकामागचा व्यवहार सोपा होता. तुम्ही शोध उघड सांगा. जो आधी उघड सांगेल त्याचे नाव त्या शोधाला लागेल. श्रेय संशोधकाला, ज्ञान सर्वांना. ते वाचून दुसरा कोणी प्रयोग पुन्हा करून पाहील, चूक असेल तर दाखवील, बरोबर असेल तर पुढे जाईल. आज आपण ज्याला विज्ञान म्हणतो, ते बरेचसे या देवघेवीवर उभे आहे.

हा इतिहास आधी सांगितला तो मुद्दाम. कोड्याचे कुलूप काढण्यासाठी जे नियतकालिक जन्माला आले, त्याच नियतकालिकाला आज पैशाचे कुलूप लागले आहे. संगणकावर शोधनिबंधाचे नाव दिसते, चार ओळींचा सारांश दिसतो, आणि पुढे वाचायचे तर तीस-चाळीस डॉलर भरा अशी सूचना येते. ‘शाळकरी मुलांना शोधनिबंध घेऊन काय करायचे आहे?’ असे कोणी म्हणेल. क्षणभर तसे धरून चालू. मग निदान डॉक्टरांना तरी ते मिळायला हवेत ना?

आता पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील लायबेरिया या छोट्या देशाचे पाहा. इबोला हा भयंकर रोग प्रथम ओळखला गेला तो १९७६ साली, मध्य आफ्रिकेत. त्या वेळच्या झैरे देशात (आजचे काँगो लोकशाही प्रजासत्ताक) आणि सुदानमध्ये त्याच्या साथी आल्या. झैरेमधील इबोला नदीवरून त्याला नाव पडले. लायबेरिया तेथून हजारो किलोमीटर दूर. त्या भागात इबोलाची मोठी साथ कधी आली नव्हती, तेव्हा इबोला हा ‘तिकडचा’ रोग आहे अशी तेथल्या डॉक्टरांची समजूत असणे स्वाभाविक होते.

डिसेंबर २०१३ मध्ये शेजारच्या गिनी देशातील जंगलालगतच्या भागात माणसे तापाने मरू लागली. पटकी असेल, लासा ताप असेल, असे तर्क झाले. हा इबोला आहे हे रक्ताचे नमुने युरोपात तपासल्यावर निश्चित झाले, तेव्हा मार्च २०१४ उजाडला होता. तोवर रोग सीमा ओलांडून पसरू लागला होता. गिनी, लायबेरिया आणि सिएरा लिओन या तीन देशांत मिळून २८,००० हून अधिक लोकांना लागण झाली आणि ११,३०० हून अधिक माणसे दगावली. एकट्या लायबेरियात सुमारे ४,८०० मृत्यू झाले. मृतांत डॉक्टर, परिचारिका आणि रुग्णालयांतील इतर सेवक मिळून पाचशेच्या वर होते. समोरच्या रोग्याला इबोला असू शकतो हे ठाऊक नसल्याने, पुरेसे संरक्षण न घेता त्यांच्यापैकी अनेकांनी रोग्याला हात लावला होता.

साथ ओसरू लागली होती, तेव्हा एप्रिल २०१५ मध्ये लायबेरियाच्या मुख्य वैद्यकीय अधिकारी डॉ. बर्नीस डॅन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये एक लेख लिहिला. जुने संशोधन चाळताना त्यांच्या हाती १९८२ सालचा एक शोधनिबंध लागला होता. तो विषाणूशास्त्राच्या एका युरोपीय नियतकालिकात छापला होता. युरोपीय संशोधकांनी लायबेरियात येऊन लोकांच्या रक्ताचे नमुने घेतले होते; त्यांतील काही नमुन्यांत त्यांना इबोलाच्या विषाणूविरुद्धची प्रतिद्रव्ये आढळली होती. प्रतिद्रव्ये म्हणजे शरीराने त्या विषाणूशी पूर्वी कधी तरी झुंज दिल्याची खूण. म्हणून लायबेरियाची गणना इबोलाच्या प्रदेशात करावी लागेल, असे त्यांनी स्पष्ट लिहून ठेवले होते. लायबेरियातील रुग्णालयांना या शक्यतेचे भान असावे, असेही त्यात म्हटले होते.

साथ येण्याच्या तीस वर्षे आधी! पण ज्यांच्यासाठी हा इशारा होता त्या लायबेरियाच्या डॉक्टरांना तो ठाऊकच नव्हता. संशोधक आले, रक्त घेऊन परत गेले आणि त्यांनी निष्कर्ष युरोपात छापले. निबंधाच्या लेखकांत एकही लायबेरियन नव्हता. लायबेरियातला कोणी तो शोधायला गेला असता, तरी २०१५ सालीसुद्धा असा एक निबंध संगणकावर उघडायला ४५ डॉलर पडत होते. लायबेरियातील डॉक्टरचा तो जवळजवळ अर्ध्या आठवड्याचा पगार, असे या लेखकांनी लिहिले आहे. ज्यांच्या शरीरातले रक्त काढून हे ज्ञान मिळवले, त्यांनाच ते वाचायला पैसे मोजावे लागावेत, याला काय म्हणावे?

इथे थोडे सावधपणे विचार केला पाहिजे. हा निबंध फुकट मिळाला असता तर साथ टळली असती, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. १९८९ ते २००३ या काळात लायबेरियात दोन यादवी युद्धे झाली. रुग्णालये मोडकळीला आली, देशात मोजके डॉक्टर उरले. शिवाय प्रतिद्रव्ये शोधण्याची त्या काळची चाचणी फारशी नेमकी नव्हती. तिने कधी कधी नसलेली खूणही दिसे. पण एखाद्या निष्कर्षाविषयी शंका असेल, तर तो पुन्हा तपासायला हवा. आणि तपासणार कोण? ज्याने तो वाचला आहे तो. कुलूपबंद निबंधातले खरेही कळत नाही आणि खोटेही कळत नाही.

याच १९८२ सालची एक गोष्ट आपल्या कोकणातली आहे. महाडच्या परिसरात विंचूदंशाने माणसे, विशेषतः लहान मुले, दगावत. तेथे काम करणारे डॉ. हिम्मतराव बावस्कर दंश झालेल्या रोग्यांच्या उशाशी बसून लक्षणे टिपून ठेवीत होते. लाल विंचवाच्या विषाचा हृदयावर कसा परिणाम होतो आणि त्याची आगाऊ लक्षणे कोणती, यावरचा त्यांचा निबंध १९८२ साली लंडनच्या ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात आला. पुढे रक्तदाबावरचे प्राझोसिन हे औषध विंचूदंशावर गुणकारी ठरते, हे त्यांनी दाखवून दिले. विंचूदंशाने अत्यवस्थ झालेल्या रोग्यांपैकी पूर्वी शंभरांत तीसच्या आसपास दगावत. हे औषध आल्यावर ते प्रमाण एकाच्या आसपास आले. या दोन निबंधांतला फरक लक्षात घ्या. छापणे दोन्हीकडे युरोपातच झाले. पण बावस्करांचे ज्ञान छापून येण्याआधीच रोग्याच्या खाटेशी होते, कारण लिहिणारा तेथेच राहत होता. प्रतिविष आणि प्राझोसिन एकत्र दिल्याने काय होते, हा त्यांचा पुढचा अभ्यास २०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला आणि तो कोणालाही पैसे न देता वाचता येतो. एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रातला तरुण डॉक्टर रात्री दोन वाजता तो आपल्या मोबाइलवर उघडू शकतो.

मग सगळेच निबंध असे खुले का नसतात? यासाठी या धंद्याचा हिशेब समजून घेतला पाहिजे, आणि तो मोठा विचित्र आहे. संशोधनाला पैसा लागतो. तो बहुतेक वेळा सरकारचा, म्हणजे तुमच्या-आमच्या करांचा असतो. संशोधक निबंध लिहितो. त्याबद्दल नियतकालिक त्याला एक पैसाही देत नाही. मग निबंध त्याच विषयातील दुसऱ्या तज्ज्ञांकडे तपासायला जातो. ते चुका काढतात, शंका विचारतात, छापावा की नाही ते सांगतात. त्यांनाही सहसा काही मिळत नाही. शेवटी प्रकाशक तो छापतो आणि सरकारच्याच पैशावर चालणाऱ्या विद्यापीठांच्या ग्रंथालयांना विकतो. गावाने श्रमदान करून विहीर खणावी, पाणी लागल्यावर एकाने येऊन तिला झाकण बसवावे आणि खणणाऱ्यांनाच हंड्यामागे पैसे मागावेत, तसा हा प्रकार आहे.

प्रकाशक काहीच करीत नाही असे मात्र नाही. निबंध गोळा करणे, योग्य तपासनीस शोधणे, मुद्रण, जुने अंक जपून ठेवणे, या सगळ्याला खर्च येतो. पण किती? एल्सव्हियर या बड्या प्रकाशनसंस्थेला २०१० साली विज्ञानविभागात सुमारे २ अब्ज पौंडांच्या उत्पन्नावर ७२ कोटी पौंडांच्या वर नफा झाला. म्हणजे शंभर रुपयांच्या विक्रीत सुमारे छत्तीस रुपये नफा. आपल्या किराणा दुकानदाराला हा आकडा सांगून पाहा!

यावर निघालेला एक उपाय तुम्हाला ऐकायला छान वाटेल. वाचकाकडून पैसे घ्यायचे नाहीत, लेखकाकडून घ्यायचे. निबंध सर्वांना खुला. पण यातून दुसरीच अडचण उभी राहिली. ‘नेचर’ या प्रतिष्ठित नियतकालिकाने २०२१ पासून अशी सोय दिली, तेव्हा एका निबंधाचे शुल्क ठेवले ९,५०० युरो, म्हणजे त्या वेळचे आठ लाख रुपयांच्या वर. एखाद्या लहान महाविद्यालयातील प्राध्यापिकेने एवढे पैसे कोठून आणायचे? पूर्वी गरिबाला वाचता येत नव्हते, आता त्याला लिहिता येणार नाही.

आणि लेखक पैसे देतो म्हटल्यावर काही जणांनी दुकानेच थाटली. पैसे द्या आणि काहीही छापून घ्या! ‘सायन्स’ नियतकालिकासाठी जॉन बोहॅनन या पत्रकाराने २०१३ साली याची परीक्षाच घेतली. दगडफुलासारख्या शैवाकातील एक द्रव्य कर्करोगावर चालते, असा दावा करणारा एक बनावट निबंध त्याने तयार केला. त्यात चुका अशा ठेवल्या की कोणाही जाणत्या तपासनिसाने तो परत पाठवावा. फुकट वाचता येणाऱ्या ३०४ नियतकालिकांकडे तो पाठवला. १५७ जणांनी तो स्वीकारला. यातली बरीच नियतकालिके भारतातून चालवली जात होती, हे सांगताना वाईट वाटते. पण सांगितले पाहिजे, कारण पदोन्नतीसाठी अमुक इतके निबंध हवेत असा नियम केला की असे निबंध विकत घेणारे गिऱ्हाईकही आपणच तयार करतो.

मग वाचकाकडूनही नाही आणि लेखकाकडूनही नाही, असे काही शक्य आहे का? आहे, आणि त्याचे एक उदाहरण मुंबईतच आहे. सेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय आणि के.ई.एम. रुग्णालय येथील अध्यापकांचे ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’ १९५५ पासून निघते. या शतकाच्या पहिल्या दशकात त्यांनी ते संगणकावर सर्वांना खुले केले आणि लेखकांकडूनही शुल्क घेतले नाही. ज्यांना कागदावर छापलेला अंक हवा, ते वर्गणी भरत. बंगळूरच्या भारतीय विज्ञान अकादमीची नियतकालिकेही तिच्या संकेतस्थळावर वाचता येतात. त्यांपैकी ‘रेझोनन्स’ हे मासिक तर खास विद्यार्थी आणि शिक्षकांसाठी १९९६ पासून निघते. मोठ्या वर्गातल्या मुलांनी ते जरूर चाळावे. भौतिकशास्त्रज्ञांनी आणखी वेगळी वाट काढली. पॉल गिन्सपार्ग यांनी १९९१ साली ‘अर्काइव्ह’ नावाची सोय सुरू केली. निबंध नियतकालिकात येण्याआधीच संशोधक तो तेथे ठेवतात आणि जगातला कोणीही तो उतरवून घेऊ शकतो.

भारत सरकारने यात काय केले? नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ ही योजना मंजूर झाली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी सुमारे ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, जवळजवळ १३,००० नियतकालिके, आणि ६,३०० हून अधिक सरकारी शिक्षणसंस्था व संशोधनसंस्थांतील सुमारे १ कोटी ८० लाख विद्यार्थी, अध्यापक व संशोधक. गणित करून पाहा. वर्षाला साधारण २,००० कोटी. त्याला १३,००० ने भागले तर एका नियतकालिकामागे दरसाल सरासरी १५ लाख रुपये.

तालुक्याच्या गावातील सरकारी महाविद्यालयाला कालपर्यंत एकही चांगले नियतकालिक परवडत नव्हते. त्याला एकदम १३,००० मिळाली. हा लाभ मी मुळीच कमी लेखत नाही. पण या योजनेत तुमची शाळा नाही, तुमचे विज्ञानाचे शिक्षक नाहीत, स्वतःचा दवाखाना चालवणारा डॉक्टर नाही, द्राक्षावरच्या बुरशीविषयी वाचू इच्छिणारा नाशिकचा बागायतदार नाही. आपण किल्ली भाड्याने घेतली आहे, कुलूप तसेच आहे. आणि भारतातल्याच संशोधकांनी भारताच्याच पैशावर लिहिलेले हजारो निबंध त्या कुलपाआड आहेत.

ते तसे असण्याचे कारण नव्हते. केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान आणि जैवतंत्रज्ञान या दोन विभागांनी डिसेंबर २०१४ मध्येच धोरण जाहीर केले होते, की आमच्या पैशावर झालेल्या संशोधनाचे निबंध सर्वांना वाचता येतील अशा भांडारात ठेवलेच पाहिजेत. माझ्या मते ६,००० कोटींपेक्षा हा कागदावरचा नियम अधिक मोलाचा आहे. तो पाळला नाही तर पुढचे अनुदान नाही, असे एकदा ठरवले की निबंध आपोआप भांडारात येतील. त्याच्या जोडीला आणखी एक अट हवी. ज्या गावात पाणी, माती किंवा रक्ताचे नमुने घेतले, त्या गावाला त्याच्या भाषेत, दोन पानांत का होईना, निष्कर्ष कळवलेच पाहिजेत. लायबेरियाला १९८२ साली अशी दोन पाने कोणी दिली असती तर!

हे अशक्य आहे, असे मात्र आता कोणी म्हणू नये. जानेवारी २०२० मध्ये नव्या करोना विषाणूची जनुकीय रचना चिनी आणि ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांनी संगणकावर सर्वांसाठी खुली केली आणि लस शोधणारे लगोलग कामाला लागले. मोठमोठ्या प्रकाशकांनी त्या रोगावरील निबंधांची कुलपे काढली. महासाथीत जे जमले ते क्षयासाठी, सर्पदंशासाठी का जमू नये, याचे उत्तर अजून कोणी दिलेले नाही.

तोवर तुम्हाला एखादा निबंध हवा असेल आणि तो कुलूपबंद असेल, तर सरळ लेखकाला लिहा. सारांशाखाली बहुधा त्याचा पत्ता दिलेला असतो. आपला निबंध मागणाऱ्याला वैयक्तिक प्रत पाठवायला सहसा प्रकाशकाचीही हरकत नसते, आणि लांबच्या शाळेतून कोणी तरी आपला निबंध मागते आहे याचा बहुतेक शास्त्रज्ञांना आनंदच होतो. पत्रात तीन ओळी पुरतात: तुम्ही कोण, कोणत्या प्रयोगासाठी किंवा प्रकल्पासाठी निबंध हवा, आणि त्यातले काय समजून घ्यायचे आहे. पत्र शिक्षकांना दाखवून, त्यांच्यामार्फत शाळेच्या पत्त्यावरून पाठवावे. आणि उत्तर आले, तर त्यात शास्त्रज्ञाने काय समजावले आहे ते मराठीत उतरवून वर्गाच्या फलकावर लावा.